सनद लिहिताना सायप्रसचं ते केंद्र आठवा

मा. मंत्रिमहोदय,
संस्कृती, माध्यमे व क्रीडा विभाग, लंडन

बीबीसी ज्या शाही सनदेवर चालते, ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते आहे. नव्या सनदेचं काम तुमच्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र. इंग्रजी प्रत वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितोय, कारण लंडनच्या त्या मायक्रोफोनशी आमचंही जुनं नातं आहे. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वेणू चितळे तिथे काम करत होत्या, आणि त्या दशकात लंडनहून मराठीतूनही प्रक्षेपण होत असे.

माझे आजोबा सांगली जिल्ह्यातले शाळामास्तर. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेला हा माणूस १९७५ साली, आणीबाणीत, रोज रात्री दार लोटून ट्रान्झिस्टरला कान लावायचा. खरखरीतून बीबीसीची हिंदी सेवा लागायची. ज्यांना ‘चले जाव’ म्हटलं त्यांच्याच रेडिओवर एवढा भरवसा कसा, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “ते त्यांच्या सरकारलाही सोडत नाहीत.” ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं आमच्या गल्लीला बीबीसीमुळे दुपारीच समजलं होतं. आकाशवाणीने ते संध्याकाळी सांगितलं.

आजोबांचं ते वाक्य खरं होतं का, हे मी पुढे वाचत गेलो. उत्तर सरळ नाही.

मे १९२६ चा सार्वत्रिक संप. छापखाने थंडावले, बहुतेक वर्तमानपत्रं बंद पडली आणि चार वर्षांची बीबीसी एकाएकी देशाचं बातमीपत्र झाली. चर्चिल तेव्हा अर्थमंत्री होते, सरकारचं ‘ब्रिटिश गॅझेट’ हे वर्तमानपत्रही तेच चालवत होते. बीबीसी ताब्यात घ्या, असा त्यांचा आग्रह होता. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांनी तो टाळला, पण किंमत मोजून. पंतप्रधान बाल्डविन रीथ यांच्या घरून देशाशी बोलले. विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनाल्ड यांना मात्र बोलू दिलं नाही. रीथ यांनी डायरीत लिहूनच ठेवलंय की आपण खरोखर निःपक्षपाती राहणार नाही, एवढा विश्वास सरकारला आपल्याबद्दल आहे. हे वाचलं त्या रात्री मला वाईट वाटलं होतं. आजोबा तेव्हा हयात नव्हते.

तीस वर्षांनी सुएझ, म्हणजे सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर केलेली चढाई. पंतप्रधान ईडन ३ नोव्हेंबर १९५६ ला बीबीसीवर युद्धाची बाजू मांडायला आले. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षनेते ह्यू गेट्सकेल यांना उत्तर द्यायला बीबीसीने वेळ दिला. सैनिक मोहिमेवर असताना हे नको, अशी सरकारची इच्छा होती. परदेशी प्रक्षेपणाच्या अनुदानाला कात्री लावण्याची धमकी आली, परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी बुश हाउसमध्ये, म्हणजे बीबीसीच्या परदेशी प्रक्षेपणाच्या इमारतीत, आणून बसवला. तरीही ब्रिटिश वर्तमानपत्रांत सरकारवर होणारी टीका परदेशी श्रोत्यांपर्यंत जात राहिली.

त्याच आठवड्यात सायप्रसमध्ये काय झालं तेही पाहा. तिथे ‘शर्क अल-अदना’ नावाचं अरबी केंद्र होतं. गाणी, नाटकं, बातम्या यांमुळे ते अरब जगात आवडीनं ऐकलं जायचं. सरकारने ते ताब्यात घेतलं आणि त्याचं नाव ‘व्हॉइस ऑफ ब्रिटन’ ठेवलं. तिथल्या अरब कर्मचाऱ्यांनी राजीनामे दिले. इमारत होती, लहरी होत्या, पण वर्षानुवर्षं जमवलेला भरवसा राहिला नाही. सरकार एका केंद्रावर हुकूम चालवत होतं आणि दुसऱ्याला वाकवू पाहत होतं. श्रोत्यांनी कोणाला जवळ केलं, हे तुम्हाला सांगायला नको.

आता ताबा घ्यायला कोणी येत नाही, हिशोबाची वही येते. २०१० साली ठरलं की वर्ल्ड सर्व्हिसचा, म्हणजे बीबीसीच्या परदेशी सेवेचा, खर्च परराष्ट्र खात्याऐवजी लायसन्स फीतून, म्हणजे टीव्हीसाठी ब्रिटिश घरं भरतात त्या शुल्कातून निघेल. लगेच २०११ मध्ये पाच भाषासेवा बंद करायचं जाहीर झालं. २०१५ मध्ये मत बदललं, सरकारी पैसा परत आला आणि त्यातून २०१७ ला बीबीसी मराठी सुरू झाली. २०२२ ला पुन्हा कपात. १९३८ पासूनचा अरबी रेडिओ जानेवारी २०२३ मध्ये बंद पडला, आणि लेबनॉनमध्ये त्याची सुटलेली लहर रशियाच्या सरकारी माध्यमाने घेतली. हे बीबीसीच्या प्रमुखांनीच सांगितलं आहे. श्रोता एकदा दुसरीकडे गेला की त्याला परत आणायला पिढी जाते.

म्हणून दोन मागण्या. वर्ल्ड सर्व्हिसचा पैसा सनदेच्या पूर्ण मुदतीसाठी आधीच बांधून द्या. दर अर्थसंकल्पाला तिचा जीव टांगणीला नको. आणि कुठलीही भाषासेवा संसदेत उघड चर्चा झाल्याशिवाय बंद होणार नाही, असं सनदेतच लिहा. त्या भाषेचे श्रोते तुमचे मतदार नाहीत. त्यांच्यासाठी आवाज उठवायला तुमच्या सभागृहात कोणी नसतं, त्यामुळे ही तरतूद कागदावरच हवी.

मसुदा संसदेत चर्चेला जाण्याआधी वर्ल्ड सर्व्हिसचं कलम स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावं आणि बाहेरच्या श्रोत्यांकडूनही हरकती मागवाव्यात. माझी लिहून तयार आहे.

आपला,
सांगली जिल्ह्यातला एक श्रोता