उपक्रम संपला, किल्ली कोणाकडे?

महोदय,

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेच्या वाचनालय प्रकल्पाची सांगता झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचून आनंद झाला, तशी काळजीही वाटली. आमच्या गावच्या शाळेत असाच उपक्रम संपला, कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या गुरुजींची बदली झाली आणि पावसाळ्यानंतर कपाट उघडले तेव्हा गोष्टींच्या पुस्तकांना वाळवी लागलेली होती. मुले तोवर दर शनिवारी त्या बंद कपाटापाशी घुटमळत असत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे आपल्याकडील एसडीएमसीत, किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडाही तीच करते. तेव्हा असा कोणताही प्रकल्प चालू असतानाच किल्ली आणि नोंदवही गावातच राहणाऱ्या या पालकांच्या हाती द्यावी व नव्या पुस्तकांच्या खर्चाची तरतूद त्या आराखड्यात करावी.

– एक पालक, खानापूर, जि. बेळगाव