दिवाडीची टेकडी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

गोव्याला जाऊन आलो म्हटल्यावर तू समुद्राचं विचारलंस. समुद्र पाहिलाच नाही रे. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली आणि दिवाडी बेटावर उतरलो. तिथे पिएदाद गावाच्या टेकडीवर एक चर्च आहे. फोनवर ते धड सांगता आलं नसतं, म्हणून हा कागद.

आजची इमारत अठराव्या शतकाच्या आरंभीची. आराखडा आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीचा मानतात, म्हणजे परक्यांच्या राज्यात इथल्याच माणसाची करामत! दर्शनी भाग देखणा आहेच, पण मी रेंगाळलो शेजारच्या दफनभूमीत. तिथल्या लहानशा चॅपलमध्ये गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातल्या देवळाचे अवशेष आहेत. वर कोरीव दगडी छत, भोवती क्रूस. पाहताना राग येतो की नवल वाटतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर, जुन्या नारव्यात होतं. ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ हे बिरुद ते आपल्या नाण्यांवरही घालत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं. लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामी लावलं होतं आणि भक्तांनी ते रातोरात पळवलं, अशी कथा सांगतात. नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला त्याची पुन्हा स्थापना झाली. त्या गावालाही नाव नार्वे! १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला तो तिथल्या देवळाचा. बेटावरचा गणपतीही असाच परागंदा झाला आणि फिरत फिरत अखेर खांडोळ्याला स्थिरावला. आपण शाळेत महाराजांचा जीर्णोद्धार तेवढा पाठ केला. देव मुळात कुठून उठून गेला, ते कुणी दाखवलं नव्हतं.

टेकडीवरून दक्षिणेला जुन्या गोव्याची चर्चं झाडीतून डोकं काढताना दिसतात. साथींनी ते शहर ओस पडलं आणि १८४३मध्ये राजधानीचा मान रीतसर पणजीला गेला. पायथ्याशी मात्र खाजन शेती. भरतीचं खारं पाणी बांधांनी अडवलेलं, आतबाहेर जाणारं पाणी मानशीच्या दारांनी सांभाळलेलं. बांध फुटला की शेत खारावलं, मग त्यात भात पिकणं कठीण. राज्यं बदलली तरी हे काम कुणाला चुकलं नाही.

जायचंच तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी जा. तेव्हा बोंदेरा, म्हणजे निशाणांचा उत्सव असतो. वाड्यांच्या हद्दीवरून पूर्वी भांडणं होत, म्हणून पोर्तुगीजांनी सीमेवर निशाणं रोवली. लोकांनी ती पाडायलाही कमी केलं नाही. त्याच तंट्याची आता मिरवणूक निघते. गर्दी फार असते म्हणे, तुला सोसेल का ते बघ.

आणि एक, आल्या फेरीने परत फिरू नकोस. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्याला फेरीबोट जाते. टेकडी आणि सप्तकोटेश्वर एकाच दिवशी पाहिल्याशिवाय यातलं निम्मंच कळतं. वहिनींनाही ने.

तुझा,
मधू