निधीचा एकच झरा नको

आंतरराष्ट्रीय पर्यावरण संशोधन जाळ्यांनी निधीचे स्रोत वाढवावेत, हा आपल्या अग्रलेखातील मुद्दा पूर्ण पटला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या दूतावासांत मोजलेल्या हवेतील प्रदूषणाची आकडेवारी जाहीर करणे निधीचे कारण सांगून थांबवले. एका निर्णयाने अनेक देशांतील जाहीर नोंदी खंडित झाल्या.

मात्र नुसते देणगीदार वाढवून भागणार नाही. पैसा कशासाठी येतो, हेही पाहावे. तीन वर्षांच्या प्रकल्प-अनुदानातून उपकरण येते, पण पुढे त्याची निगा कोण राखणार? ठाणे खाडीसारख्या गढूळ, खाऱ्या पाण्यात प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरवर शेवाळ आणि गाळ चढतो. आकडे हळूहळू घसरतात आणि पाण्यातला प्राणवायूच कमी झाला असे वाटते. सेन्सर वर काढून पुसायला, पुन्हा प्रमाणित करायला पगारी माणूस लागतो. हुकलेला महिना नंतर मोजता येत नाही.

त्यात परदेशी देणग्यांवरील कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका भारतीय संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. जाळ्यातल्या छोट्या संस्थांना याचा थेट फटका बसतो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिच्या मोजणीचा चालू खर्च ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली धरावा. परदेशी निधी नव्या उपकरणांपुरता ठेवावा. एका दात्याचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक नसावा आणि किमान सहा महिन्यांचा खर्च राखीव असावा.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई