बाबा, या वेळी थांबू नका

ड्रेस्डेन,
७ डिसेंबर २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

गुरुवारी फोनवर तुमचं अर्धं बोलणं तुटत होतं आणि उरलेल्या अर्ध्यात मुक्ता मध्ये बोलत होती. म्हणून आज निवांत लिहितोय. इथे रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, चार वाजताच अंधार पडतो, त्यामुळे पत्र लिहायला वेळच वेळ आहे.

तुमचा प्रश्न एवढाच होता की मुक्ताच्या कॉम्प्युटरच्या त्या ग्राफिक्स कार्डात (चित्रांचं काम करणाऱ्या भागात) एवढे पैसे आत्ता घालायचे, की भाव उतरेपर्यंत थांबायचं. शिवाय "२०२१ मध्ये तूच थांबा म्हणाला होतास," हेही ऐकवलंत. म्हणालो होतो, आणि ते बरोबरच होतं. आज मात्र घ्या म्हणतोय. मधल्या काळात काय बदललं ते सांगतो, मग तुम्ही ठरवा.

तेव्हा लोक इथेरियम नावाचं आभासी चलन ‘खणायला’, म्हणजे कार्डाकडून गणितं सोडवून ते मिळवायला, ही कार्डं ढिगाने उचलत होते. एनव्हिडिया कंपनीने ३२९ डॉलर किंमत जाहीर केलेलं ३०६० कार्ड दुकानात दुपटीच्या आसपास विकलं जात होतं. ती टंचाई खोटी नव्हती, पण तिचं मूळ एका जागी होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डावर ते खणणं त्या दिवशी संपलं. ज्यांनी दहा-दहा कार्डं लावली होती त्यांनी ती मिळेल त्या भावात विकायला काढली. तीच कार्डं, तेच पंखे, थोडी तापून निघालेली, पण घरच्या कॉम्प्युटरमध्ये बसणारी. थांबणाऱ्यांचं भलं झालं.

आताचं गिऱ्हाईक वेगळं आहे. एआयवाले तुमच्या-आमच्या दुकानातलं कार्ड उचलत नाहीत, ते कार्ड बनायच्या आधीच त्यातला माल उचलतात. माल म्हणजे मेमरी. जगातली बहुतेक सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या मशिनांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीपेक्षा तिला वेफर (ज्यांवर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) साधारण तिप्पट लागतात. म्हणजे त्यांनी एक घास घेतला की आपल्या ताटातले तीन जातात. ऑक्टोबरात सॅमसंग आणि हायनिक्सने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी प्राथमिक करार केला. त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या मागणीची भाषा आहे. आणि याच बुधवारी मायक्रॉनने जाहीर केलं की सामान्य गिऱ्हाइकांना रॅम (म्हणजे कॉम्प्युटरमधली मेमरी) विकणारा त्यांचा ‘क्रूशियल’ ब्रँड ते बंद करतायत. फेब्रुवारीअखेरपर्यंत माल जाईल, मग संपलं. मुक्ताच्या कॉम्प्युटरमध्ये याच ब्रँडची रॅम आहे, तिला विचारा.

इथल्या दुकानांत सप्टेंबरात शंभर युरोच्या आसपास मिळणारी ३२ जीबीची रॅम आता तीनशेच्या वर गेलीय. ग्राफिक्स कार्डांचे भाव मात्र अजून फारसे हललेले नाहीत. कारण सरळ आहे: आज फळीवर जे खोकं दिसतंय ते जुन्या भावाने घेतलेल्या मेमरीवर बनलंय. पुढचा लॉट तसा नसेल.

तुम्ही म्हणालात, "मागणी आहे तर कारखाने जास्त बनवतील की." बाबा, हे माझ्याच धंद्यातलं आहे म्हणून सांगतो. ड्रेस्डेनला आमच्याकडे ग्राफिक्स कार्डाच्या चिप बनत नाहीत. इथल्या चिप बऱ्याचशा गाड्यांमध्ये आणि यंत्रांमध्ये जातात, कार्डाच्या मुख्य चिप तैवानहून येतात. (एके काळी एएमडी या चिप-कंपनीचा स्वतःचा कारखाना याच गावात होता, २००९ मध्ये तो वेगळा काढला.) पण वेफरचा प्रवास सगळीकडे सारखाच. शेकडो टप्पे, आणि कोरी चकती आत गेल्यापासून तयार चिप बाहेर यायला तीनेक महिने. त्यात घाई चालत नाही. नवा कारखाना उभारून त्यातून माल निघायला काही वर्षं जातात. गुजरातेतल्या साणंदच्या मायक्रॉन कारखान्याबद्दल तुम्ही पेपरात वाचलंत, पण तिथे वेफर बनत नाहीत, बाहेरून आलेल्या मेमरीचं पॅकिंग आणि तपासणी होते. चांगली गोष्ट आहे, पण त्याने साताऱ्यात रॅम स्वस्त होणार नाही.

आणि समजा उद्या हा एआयचा फुगा फुटलाच. तरी त्यांची मशिनं पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत येऊन पडणार नाहीत. त्यांना मॉनिटरची वायर लावायला जागाच नसते, ती सर्व्हरच्या खास बोर्डांवर बसवलेली असतात. २०२२ सारखा सेकंडहँडचा पूर या वेळी यायचा नाही. भाव कधीतरी उतरतील, मी नाही म्हणत नाही. पण ते पुढच्या दिवाळीत उतरतील असं धरून बसायला मला काही आधार दिसत नाही.

"कॉम्प्युटरची वस्तू जितकी उशिरा घ्यावी तितकी स्वस्त आणि चांगली" हा तुमचा नियम वीस वर्षं खरा ठरला. आपला पहिला कॉम्प्युटर तुम्ही दोन दिवाळ्या पुढे ढकललात आणि निम्म्या पैशांत दुप्पट चांगला आणलात. आईने त्या दोन वर्षांत माझी भुणभुण कशी सहन केली ते तिलाच ठाऊक. पण तेव्हा त्या कॉम्प्युटरवर घरात कुणाची कमाई अवलंबून नव्हती.

भावापेक्षा मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुक्ता नुसते गेम खेळत असती तर मीच म्हणालो असतो, सेटिंग कमी कर आणि गप खेळ. तिचं १०६० कार्ड २०१६ सालचं मॉडेल असलं तरी मेलेलं नाही. त्याचे नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबरात थांबले, पण सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. मात्र आता ती पुण्याच्या आर्किटेक्टांना फ्लॅटची चित्रं करून देते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र रेंडरला, म्हणजे पक्कं तयार व्हायला, लावते आणि रात्रभर मशीन चालू ठेवते. सकाळी उठून बघते तर सोफ्याचा रंग चुकलेला. मग दुसरी रात्र. तुम्ही म्हणता ती जागरणं करते, पण बाबा, जागतं ते कार्ड.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. रेंडर करताना खोलीतलं सगळं सामान, म्हणजे पडद्याचं कापड, फरशीचा पोत, खिडकीबाहेरची झाडं, हे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावं लागतं. तिच्या कार्डात ती ६ जीबी आहे. मावलं नाही तर काम एक तर फार हळू होतं, नाही तर मध्येच बंद पडतं. म्हणून ती झाडं काढते, कापडाचा पोत कमी करते. गिऱ्हाइकाला चित्र थोडं प्लास्टिकचं दिसतं आणि ते पुढचं काम दुसऱ्याला देतात. हे तिने तुम्हाला सांगितलं नसेल, मला सांगितलंय. नव्या कार्डावर रात्रभराचं चित्र माझ्या अंदाजाने तास-दीड तासात होईल. वर्षभर थांबून पाच हजार वाचले, असं जरी धरलं, तरी त्या वर्षातली गेलेली कामं पाच हजारांहून जास्तच असणार.

आता कोणतं घ्यायचं. तिने सांगितलेलं एनव्हिडियाचं ५०६० टीआय ठीक आहे. फक्त एक घोळ नीट लक्षात ठेवा, कारण दुकानदार तिथेच गाठतो. हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत येतं, ८ जीबी आणि १६ जीबी. खोक्यावर नाव तेच, आकडा कोपऱ्यात. एप्रिलमध्ये आलं तेव्हा कंपनीची किंमत ३७९ आणि ४२९ डॉलर होती. पन्नास डॉलर वाचवायला ८ जीबीचं घेतलं तर वर्षभरात पुन्हा झाडं काढणं सुरू. शिवाय तिचा मदरबोर्ड जुन्या पिढीचा आहे, आणि हे कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. मेमरी पुरली तर फरक किरकोळ पडतो, पण ती भरली की सगळं ओझं त्या अरुंद वाटेने जातं आणि ८ जीबीवालं धापा टाकतं. तेव्हा १६ च.

तिला मिळालेलं सत्तेचाळीस हजारांचं कोटेशन तुम्हाला लुटालूट वाटली. हिशोब करून बघा: ४२९ डॉलर, याच आठवड्यात डॉलर नव्वदीपार गेलाय, म्हणजे साडेअडतीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेपंचेचाळीस तर तिथेच झाले. दुकानदार फार काही खात नाहीये. आणि नवीन माल आता या डॉलरच्या भावाने येणार, हेही आहेच.

एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबीमध्ये याहून स्वस्त आहे. नुसत्या गेमसाठी मी तेच सुचवलं असतं. पण ब्लेंडरच्या रेंडरला एनव्हिडियाचं कार्ड अजून बरंच पुढे आहे, आणि इथे प्रश्न रेंडरचा आहे. एनव्हिडियाची नवी ‘सुपर’ मॉडेलं येणार अशी कुजबुज आहे, मुक्ताही तेच घोकत असेल. कंपनीने अजून काहीही जाहीर केलेलं नाही. आलीच तर ती वरच्या किमतीची असतील, आणि त्यांना तर जास्तच मेमरी लागणार, तीही टंचाईतली.

नितीनदादा सेकंडहँड ३०६० सुचवतोय. वाईट सल्ला नाही, त्यात १२ जीबी आहे. तुम्हाला एवढे पैसे घालायचेच नसतील तर दुसरा पर्याय म्हणून तोच ठेवा. मात्र पैसे देण्याआधी समोर अर्धा तास रेंडर चालवून दाखवायला सांगायचं. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकणारे महाभाग आहेत. आणि बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याला हात जोडायचे, मग कार्ड नवं असो की जुनं.

"पाडव्याला येतोस तेव्हा तिकडूनच आण," हे आईचं. आईला सांगा की इथे भाव रुपयांत तेवढाच पडतो. इथल्या १९ टक्के कराचा परतावा फक्त युरोपबाहेर राहणाऱ्यांना मिळतो, मला नाही. कस्टमची सूटही ठरावीक रकमेपर्यंतच आहे, त्यात मग बाकी फारसं काही आणता येणार नाही. आणि मुख्य म्हणजे अनेक ब्रँडची इथली वॉरंटी भारतात चालत नाही. कार्ड बिघडलं तर ते घेऊन मी पुन्हा ड्रेस्डेनला यायचं का?

कार्ड सोडून बाकी काही घेऊ नका. मुक्ता म्हणेल आता बोर्ड पण, रॅम पण, प्रोसेसर पण. रॅम तर आज सोन्याच्या भावाने आहे, ती अजिबात नको. तिचा रायझन ३६०० प्रोसेसर अजून काही वर्षं काम देईल, आणि पुढे त्याच बोर्डावर चांगला प्रोसेसर बसतो. फक्त एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बदलावा लागेल. सध्याचा ४५० वॅटचा आहे आणि या कार्डाला कंपनी ६०० सांगते. चांगल्या नावाचा ६५० चा घ्या, तिथे काटकसर नको, कारण आपल्याकडे लाइट कशी येते-जाते ते मी सांगायला नको. वीजबिलाची काळजी करू नका. जुनं कार्ड १२० वॅट खातं, नवं १८०. पण जुनं रात्रभर खातं आणि नवं तासभर.

पैशांचं असं करू. एफडी मोडू नका, व्याज बुडेल. अर्धे मी या आठवड्यात पाठवतो. उरलेले आत्ता तुम्ही द्या आणि मुक्ताकडून महिन्याला थोडे थोडे करून वसूल करा. तिला फुकट दिलं तर ती नाही म्हणेल, मला तिचा स्वभाव माहीत आहे. आणि वसुलीची वही तुम्ही घालाल, हेही माहीत आहे.

माझी तब्येत उत्तम. थंडी आहे, पण घरात हीटर आहे. आईने पाठवलेलं मेतकूट संपत आलंय.

आईला सा. न., मुक्ताला आशीर्वाद.

तुमचा,
सुहास

ता. क. – दुकानात जायच्या आधी मुक्ताला कॅबिनेट उघडून आतली लांबी मोजायला सांगा, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत. दोन पंख्यांचं कार्ड साधारण पंचवीस सेंटीमीटर असतं, तीन पंख्यांचं तीसच्या आसपास. आणि बिल मुक्ताच्या नावाने, कार्डाचा सिरियल नंबर घालून. नितीनदादाला हे दोनदा सांगा.