‘विकत घ्या’ म्हणता, मग वस्तू माझी का नाही?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं आहे. ‘हेवी मेटल’ या रॉक संगीताच्या प्रकाराचा गोंगाट, तुटपुंज्या पैशांत काढलेले भयपट आणि वर्षा-दोन वर्षांत बिघडणारी उपकरणं, या तिन्हींना त्यांनी एकाच माळेत ओवलं आहे. लोकांची आवडच हलकी झाली म्हणून मालही हलका मिळतो, असं त्यांचं म्हणणं. उपकरणांबद्दलची त्यांची चीड अगदी रास्त आहे. पण पहिल्या दोन गोष्टी त्या माळेत घालणं मला मुळीच पटलेलं नाही. या दोन्हींवर माझं तीस वर्षांचं प्रेम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी टर्नर आहे, लेथवर काम करतो. मशीनखाली बोट गेलेला सहकारी मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे ‘ब्लॅक सॅबथ’ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मासिक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती आणि तरीही तो तसा वाजवत होता. मग या पोराने प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्यातून बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या, घासून घासून मापात आणल्या आणि तारेवरून घसरू नयेत म्हणून वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबताना दुखायचं, म्हणून बारीक तारा शोधल्या. पुढे गिटारच खालच्या सुरात लावली, तारा आणखी सैल झाल्या आणि आवाज आणखी जड झाला. आज जगभर मेटल वाजवणारे ज्या खालच्या, भरीव सुरात गिटार लावतात, त्याचं मूळ एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांत आहे.

जॉब मापात बसेपर्यंत कानस मारत राहणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. म्हणून या संगीताला कोणी ‘हलकं’ म्हटलं की मला लागतं.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्याचं बहुतेक सगळं रेकॉर्डिंग एका दिवसात उरकलेलं. सुरुवातीला पाऊस, दूरवर घंटा, आणि मग गिटारचे तीन सूर. षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर येऊन आवाज थरथरत राहतो. पंचमावर विसावा घ्यायची कानाला सवय, तो पंचम देतच नाहीत. त्या वाचकांना माझी विनंती आहे की दिवे मालवून हे एवढं एकदा ऐकावं. नाही आवडलं तर जरूर नाही म्हणावं, पण ‘गोंगाट’ हा शब्द त्या तीन सुरांना लागू पडत नाही. आणि बँडचं नाव कुठून आलं? मारिओ बावा या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३च्या भयपटाच्या इंग्रजी नावावरून. म्हणजे या दोन आवडींचं नातं मी जोडलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून आहे.

भयपटांचंही तसंच. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८चा. पिट्सबर्गमधल्या जाहिरातपट करणाऱ्या मंडळींनी तो साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये उभा केला. एक शेतघर, मोजकी माणसं, आणि बाहेर काय चाललंय ते सांगणारा रेडिओ-टीव्ही. चित्रपट कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप खपून गेलं. पैसे नव्हते म्हणून कॅमेरा घरातच राहिला, आणि त्यामुळेच खिळे ठोकलेल्या दारामागे आपणही अडकलो आहोत असं वाटतं. तो मी पहिल्यांदा भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. टेप इतकी झिजलेली की मध्येच चित्रावर पट्टे सरकायचे, तरी रात्री उठून दाराची कडी तपासली होती. १९९९ साली या चित्रपटाची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाली.

आता खरी तक्रार.

दोन वर्षांपूर्वी एक छोटा भयपट मी ऑनलाइन विकत घेतला. पडद्यावर दोन बटणं होती, ‘भाड्याने घ्या’ आणि ‘विकत घ्या’. मी जास्त पैसे देऊन दुसरं दाबलं, कारण मला तो ठेवायचा होता. गेल्या महिन्यात मुलीला दाखवायला बसलो तर संग्रहात त्याची जागा रिकामी. ग्राहक सेवेच्या चॅटवर एकामागून एक तिघे जण आले. प्रत्येकाने माझं नाव आणि ऑर्डर क्रमांक नव्याने विचारला. शेवटचा म्हणाला, ‘सर, आमचा निर्मात्याशी असलेला करार संपला, तुम्ही खरेदी केला होता तो पाहण्याचा परवाना.’ त्या मुलाशी मी आवाज चढवला नाही, त्याच्या हातात काही नव्हतं. पण मग बटणावर ‘परवाना’ का लिहिलं नव्हतं? कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५पासून यासाठी कायदा लागू आहे. जी डिजिटल वस्तू परत काढून घेता येते ती विकताना ‘विकत घ्या’ म्हणायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. हा नियम सगळीकडे हवा.

रोमेरोच्या बाबतीत बरोबर उलट घडलं. आयत्या वेळी चित्रपटाचं नाव बदललं, नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ घालायची राहिली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, म्हणजे कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात. करणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना त्यांचा पैसा मिळायलाच हवा होता. मीही पैसे बुडवायला निघालेलो नाही, मी तर मोजून दिले होते.

दुसरी गोष्ट हेडफोनची. घरातल्यांची झोपमोड नको म्हणून रात्री मी हेडफोनवर ऐकतो. दोन वर्षांत त्याची बॅटरी संपली, वीस मिनिटंही टिकेना. सेवा केंद्रात सांगितलं, ‘या मॉडेलची बॅटरी बदलत नाहीत, नवा घ्या.’ स्पीकर ठणठणीत, वायर शाबूत, आणि फेकून द्या? घरी येऊन मी तो टेबलावर घेतला. चारही बाजूंनी फिरवला, कुठेही एक स्क्रू नाही. हेअर ड्रायरने कडा गरम केली, पातळ पट्टी घालून हळूहळू उचकटली. टक टक करत आतल्या तीन खुंट्या तुटल्या. आत चंदेरी पाकिटासारखी बॅटरी, आगपेटीहूनही लहान, एक लाल आणि एक काळी वायर, आणि खालून ती गमाने अशी पक्की चिकटवलेली की सोडवताना वाकायला लागली. लिथियमची बॅटरी वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. तिथे मी हात थांबवला. आयुष्यभर मशीन खोलून पुन्हा जोडणारा माणूस मी, आणि दोन वायरींची बॅटरी मला बदलता आली नाही. ती बदलता येऊ नये अशीच ती बसवली होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

युरोपीय संघाने यावर नियम केला आहे. १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. म्हणजे ते करता येतं, कंपन्यांना जमतं.

त्या वाचकांना म्हणूनच सांगायचं आहे की आपला राग चुकीच्या दारावर जातो आहे. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी हाताने घडवून टिकणारं काम दिलं. माझा हेडफोन मात्र भरपूर पैसा असलेल्यांनी, पूर्ण विचार करून, असा बनवला आहे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या उपकरणांची परीक्षणं येतात. रंग, वजन, आवाज, सगळं असतं. त्यात दोन ओळी वाढवाव्यात ही नम्र विनंती: बॅटरी बदलता येते का, आणि वस्तू उघडायला स्क्रू आहेत का. मला नवा हेडफोन घ्यायचा आहे. त्या दोन ओळी छापून येईपर्यंत मी थांबायला तयार आहे.

आपला,
एक जुना वाचक