नरकात देव नसतो असं दहाव्याला सांगू नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात रामकुंडावर माझ्या मामेभावाचा दहावा झाला. निफाडकडचा द्राक्षवाला शेतकरी, अजून चाळिशीही गाठली नव्हती. दोन वर्षं लागोपाठ ऐन मण्यात पाणी उतरायच्या वेळेला अवकाळी झाली आणि मणी तडकले, त्याच्या आदल्या साली व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही, सोसायटी थकली, औषधवाल्याची उधारी वेगळीच, आणि शेवटी त्याने स्वतःला संपवलं. कारण एकच नसतं हे मला कळतं, आणि त्याने केलं ते बरोबर असंही मी म्हणत नाहीये, दर भाऊबीजेला माझ्या दारात उभा राहणारा माणूस होता तो, मला त्याचा राग पण येतो.

पण पत्र लिहितेय ते दहाव्याच्या प्रवचनाबद्दल. महाराजांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, दक्षिणा पण घेतली नाही त्यांनी. ते म्हणाले की जो आपला जीव आपण घेतो तो अशा अंधाऱ्या नरकात जातो जिथे देवाचं नावसुद्धा पोचत नाही, देव त्याच्याकडे पाठ करतो. आणि भावजय पहिल्याच ओळीत बसलेली, माझ्या शेजारी. पदराचं टोक तोंडात धरून ती ऐकत होती. त्याच्या आधी पिंड ठेवलेला तेव्हा कावळा काही शिवेना, चार-पाच कावळे तिथेच वायरवर बसलेले, पण एक खाली उतरेना, अर्धा तास गेला, मग ती स्वतःच उठली, हात जोडले आणि सगळ्यांसमोर बोलली, "पोरांचं मी बघते, कर्जाचं पण बघते, तुम्ही जीव नका अडकवू." तरी नाही आला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. ते आणि हे प्रवचन, दोन्ही मिळून तिच्या मनात काय झालं असेल याची कल्पना करा. रात्री तिने मला विचारलं, "ताई, तिथे खरंच त्यांच्याजवळ कोणीच नसेल का हो?"

आता मी काही विदुषी नाही, पण महाराजांना माझा साधा प्रश्न आहे. कीर्तनात तुम्हीच सांगता की देव जळी स्थळी काष्ठी पाषाणी आहे. हिरण्यकश्यपूने विचारलं या खांबात आहे का, तर खांबातून पण निघाला. मग खांबात असतो आणि नरकात नसतो असं कसं होईल? एक जागा जरी त्याच्याविना असली तरी सर्वव्यापी हा शब्दच खोटा पडतो ना. आणि नरक चालवतो कोण, तर यम, आणि गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतच म्हणतात की नियमन करणाऱ्यांमध्ये यम तो मी. म्हणजे तिथला मालकच तो.

अंधाऱ्या लोकाचा जो दाखला महाराजांनी दिला तो ईशावास्य उपनिषदातला आहे, घरी येऊन मी बघितलं. सगळं मिळून १८ मंत्रांचं छोटंसं उपनिषद, त्याच्या तिसऱ्या मंत्रात येतं की आत्महन लोक अंधाराने भरलेल्या लोकांत जातात. पण आत्महन म्हणजे आत्महत्या केलेला असा अर्थ आद्य शंकराचार्यांनी भाष्यात घेतलेला नाही, आपल्या आतल्या आत्म्याला न ओळखणारे सगळे अज्ञानी असा घेतलाय, म्हणजे त्यात तुम्ही-आम्ही सगळेच आलो. आणि त्याच उपनिषदाचा पहिलाच मंत्र काय सांगतो, तर हे जे जे काही आहे ते सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे. पहिला मंत्र सोडून तिसराच का सांगायचा, आणि तो पण नेमका कोणासमोर?

मला सगळ्यात जास्त आधार वाटला तो महाभारताच्या अगदी शेवटी, स्वर्गारोहण पर्वात. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर तिथे दुर्योधन मजेत बसलेला, आणि आपले भाऊ कुठेच नाहीत. देवदूत त्याला घाण वासाच्या, अंधाऱ्या वाटेने नेतो. सहन होईना म्हणून तो परत फिरतो तेवढ्यात आवाज येतात, थोडा वेळ थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतंय. विचारतो तर भीम, अर्जुन, कर्ण, द्रौपदी! मग तो दूताला सांगतो, जा तू, मी इथेच राहणार. आणि थोड्याच वेळात इंद्रासकट सगळे देव आणि स्वतः धर्म तिथे येतात, त्या नरकात येतात, आणि अंधार नाहीसा होतो. मार्कंडेय पुराणातला विपश्चित राजा पण असाच नरकातून निघायला नाही म्हणतो.

शेजारच्या ख्रिस्ती काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या की आमच्या १३९ व्या स्तोत्रात पण आहे, अधोलोकात अंथरूण घातलं तरी देवा तू तिथे आहेसच. कॅथलिक चर्च पूर्वी अशा माणसाला चर्चचा अंत्यविधी नाकारायचं, १९८३ च्या त्यांच्या नव्या कायद्यात ते कलम राहिलं नाही. आपल्या सरकारी कायद्याने सुद्धा २०१७ मध्ये मानलं की जीव द्यायला निघालेला माणूस प्रचंड ताणाखाली असतो असंच धरायचं, त्याला आधी उपचार द्यायचे.

देव कुठे आहे आणि कोणासाठी नाही हे माणसांनी ठरवायचं, याचा आपल्या नाशकाला चांगला अनुभव आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, पुढे वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. रामकुंडापासून ते मंदिर किती लांब आहे, चालत पाच-दहा मिनिटं.

भावजयीला मी युधिष्ठिराची गोष्ट सांगितली. तिने पूर्ण ऐकली आणि मग म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्या समाधानासाठी सांगताय, महाराज शिकलेले आहेत." त्यामुळे वर्षश्राद्धाला आम्ही त्याच महाराजांना बोलावणार आहोत, तिचीच तशी इच्छा आहे. हे पत्र त्यांच्या वाचण्यात आलं तर माझी हात जोडून विनंती आहे की त्या दिवशी त्यांनी त्यांच्या तोंडाने तिला सांगावं की तिचा नवरा जिथे कुठे असेल तिथे देव आहे.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक