सशाचा डोळा गळतो, दात तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर बैलांच्या खांदेसुजीपासून शेळ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगापर्यंत सगळं येतं. सशाबद्दल मात्र कधी ओळ वाचली नाही. खेड्यात ससे कोण पाळतो, असं वाटत असेल. आमच्या एका गल्लीत तीन घरी आहेत, पोट्ट्यांनी बाजारात हट्ट करून घेतलेले.

आमच्या पांढऱ्या सशाचा डावा डोळा पोळ्याच्या सुमारास गळू लागला. गालावरचे केस भिजून चिकटले, मग झडले, खालची कातडी सोलल्यागत लाल झाली. घरच्यांनी दोष चुलीच्या धुराला दिला. जवळच्या दवाखान्यात ‘पांढऱ्या सशाचे डोळे लालच असतात’ असं ऐकलं आणि थेंब घेऊन परतलो. डोळे लाल असणं त्या जातीला जन्मजात, हे खरं. पाणी गळणं नव्हे. दोन महिने थेंब घातले. बाटली असेपर्यंत बरं, संपली की पुन्हा तेच.

या काळात ससा गवत हुंगून बाजूला सरायचा आणि भिजवलेली पोळी तेवढी खायचा. आम्ही म्हणायचो, लाडावला!

शेवटी दिवाळीनंतर टोपलीत घालून नागपूरला नेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्याआधी खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, मग माझंही बोट तिथे ठेवलं. हाडावर बारीक उंचवटे लागले. कान तपासायच्या नळीने दाढा पाहिल्या, डोक्याचा एक्स-रे काढला. दुखणं दातांचं निघालं.

सशाला 28 दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढतात. समोरचे तर आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर. गवत आडवं रगडून खाताना ते झिजतात. पोळी, बिस्किट, चण्याची डाळ अशा खाण्यात ती रगड होत नाही. मग दाढांना काटे फुटतात, ते जिभेला, गालाला टोचतात आणि मुळं उलट्या दिशेने हाडात रेटत जातात. डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी बारीक नळी वरच्या दातांच्या मुळांना लागूनच जाते. ती दबली की पाणी गालावर. नाली बुजल्यावर अंगणात पाणी येतं, तसंच. अंगण पुसून नाली उघडत नाही. पाण्याऐवजी दुधासारखा पू आला, तर नळीत जंतू झाले समजावं.

आमचा दोष आमच्या पदरात. आता त्याच्यापुढे दिवसभर धुऱ्यावरचं गवत आणि वाळला चारा असतो. तणनाशक मारलेल्या वावराजवळचं गवत आणत नाही. दाढा भूल देऊन घासल्या, पण मुळं काही मागे जात नाहीत. डोळा अधूनमधून ओला होतोच आणि दर काही आठवड्यांनी फेरी ठरलेली. एसटीचं भाडं सशाच्या किमतीच्या पुढे कधीच गेलं.

दोन गोष्टी तिथेच कळल्या. वाढलेले दात नेलकटरने कापू नयेत, दात उभा चिरतो. आणि घरात उरलेली अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी सशाला देऊ नये. आतड्यातले कामाचे जंतू मरून ससा दगावू शकतो. ससा दिवसभर काही खात नसेल, लेंड्या बंद झाल्या असतील, तर उद्यावर टाकू नये.

माझी मागणी साधी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गळक्या डोळ्याचा ससा आला, तर थेंब लिहिण्याआधी त्याचं तोंड पाहिलं जावं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था यांनी तालुक्याच्या डॉक्टरांसाठी यावर एखादं प्रशिक्षण ठेवावं. आणि आपण शेतीच्या पानावर सशाच्या चाऱ्याची एक चौकट छापावी, शक्यतो पोट्ट्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. बिस्किटं तेच चारतात.

आपला,
एक वाचक
जि. यवतमाळ